मोटारीच्या वायरिंगमधला बिघाड: आधी मोजावा, मग उघडावा

खान्देशात मोटारीच्या वायरिंगला तीन शत्रू आहेत: ऊन, उंदीर आणि हौस. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या बॉनेटखालचे तापमान त्याहून बरेच वर जाते आणि वर्षानुवर्षे असे तापून वायरीवरचे आवरण कडक होते, वायरी जोडणाऱ्या कपलरचे प्लॅस्टिकचे लॉक हात लावताच तुटतात. रावेर-यावलच्या केळीच्या बागांलगत किंवा कापूस साठवलेल्या घरापुढे गाडी उभी राहत असेल, तर उंदीर ठरलेलाच. तिसरा शत्रू आपण स्वतः पैसे देऊन बसवतो. जादा दिवे, मोठा हॉर्न, म्युझिक सिस्टिमचा अँप्लिफायर, ट्रॅकर अशी एकेक वस्तू मूळ वायर सोलून, तिला पीळ देऊन आणि वर टेप गुंडाळून जोडली जाते.

बिघाड झाल्यावर मात्र रीत उलटी असते. गाडी सेल्फ मारत नाही म्हणून आधी बॅटरी बदलली जाते, मग अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) उघडला जातो, मग सेल्फची मोटर भरायला जाते आणि शेवटी दोष निघतो तो बॉडीला अर्थ, म्हणजे विजेची परतीची वाट, देणाऱ्या एका गंजलेल्या बोल्टमध्ये. सुटा भाग बदलून पाहणे ही तपासणी नव्हे. साधा डिजिटल मल्टिमीटर आणि थोडा धीर एवढ्या भांडवलावर बहुतेक दोषांची जागा घरच्या अंगणातही सापडते, मात्र तपासणीचा क्रम सोडता कामा नये.

हात घालण्यापूर्वी

बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे असले, तरी पाना बॅटरीच्या दोन्ही टोकांवर एकदम टेकला तर त्यातून शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो. हातातली अंगठी किंवा कडे अशा वेळी क्षणात लालबुंद होते, म्हणून ते आधी काढून ठेवावे. बॅटरी सोडवताना नेहमी ऋण टोक पहिल्यांदा सोडावे आणि बसवताना ते शेवटी जोडावे, कारण धन टोकाचा नट सोडताना पाना चुकून बॉडीला लागला, तर ऋण टोक सुटलेले असल्यामुळे काहीही बिघडत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, त्यामुळे तिच्याजवळ विडी, काडी किंवा ठिणगी नसावी.

पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटर, टेस्ट लॅम्प किंवा टाचणी काहीही लावू नये. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलमध्ये विजेचा जीवघेणा दाब (व्होल्टेज) असतो, त्यामुळे त्या केबलचे काम कंपनीने प्रशिक्षण दिलेल्या माणसाकडेच सोपवावे.

साहित्य फार लागत नाही. मल्टिमीटर, इंडिकेटरच्या २१ वॅटच्या बल्बला दोन लांब वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, वेगवेगळ्या क्षमतेचे चार-सहा फ्यूज, बारीक पॉलिश पेपर आणि आपल्या मॉडेलचा फ्यूजचा नकाशा एवढे पुरते. हा नकाशा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत किंवा फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतो आणि पुष्कळ मालकांनी तो कधी पाहिलेलाही नसतो.

बिघाडाची हकिगत

«रातले चांगली व्हती, सकायले चालूच व्हयनी नही,» एवढ्या एका वाक्यातही तपासणीची दिशा दडलेली असते. रात्रभरात बॅटरी उतरली असेल, तर गाडी बंद असतानाही कोणीतरी प्रवाह खात आहे किंवा बॅटरीतच चार्ज धरून ठेवण्याची ताकद राहिलेली नाही. बिघाड सर्व्हिसिंगमध्ये पाणी मारल्यावर सुरू झाला, पहिल्या पावसात सुरू झाला, डेंटिंगचे काम करून आणल्यावर सुरू झाला की नवीन म्युझिक सिस्टिम बसवल्यावर सुरू झाला, हे मीटर हातात घेण्यापूर्वीच विचारावे. दहापैकी पाच वेळा दोष शेवटी जिथे हात लागला होता तिथेच सापडतो, असे माझे मत आहे.

दुसरा प्रश्न त्याहून मोलाचा आहे: एकाच वेळी काय काय बंद पडले? फक्त उजवा हेडलाइट गेला असेल, तर बल्ब, त्याचे कपलर, असल्यास त्या बाजूचा स्वतंत्र फ्यूज आणि त्या बाजूची अर्थ एवढ्याच गोष्टी संशयित ठरतात. दोन्ही हेडलाइट एकदम गेले असतील, तर दोन्ही बल्ब एकाच क्षणी जाणे दुर्मीळ असल्यामुळे रिले (बारीक प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा भाग), स्विच किंवा सामायिक वायर पाहावी. हॉर्न, वायपर आणि आतला दिवा असे एकमेकांशी संबंध नसलेले तीन भाग एकत्र बंद पडले, तर ते तीनही ज्या फ्यूजवर किंवा ज्या अर्थच्या बोल्टवर एकत्र येतात ती जागा शोधावी. एवढी वजाबाकी कागदावर केली, तरी निम्मी गाडी उघडण्याचे वाचते.

बॅटरी आणि चार्जिंग

दोष कुठेही दिसत असला, तरी पहिले माप बॅटरीचेच घ्यावे, कारण दाब कमी पडला की धडधाकट भागही आजारी असल्यासारखे वागतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे हेडलाइट मिनिटभर लावून बंद करावेत आणि मग मीटर धरावा. १२.६ व्होल्टच्या आसपास वाचन आले तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ आले तर ती साधारण अर्धी आहे आणि १२ च्या खाली गेले तर ती जवळजवळ रिकामी आहे. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून मीटर पाहावा. इंजिन फिरताना दाब ९.६ व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून हेच माप पुन्हा घ्यावे आणि त्यानंतरच तिला दोष द्यावा.

इंजिन सुरू झाल्यावर सर्वसाधारण गाडीत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. अलीकडच्या काही गाड्यांत अल्टरनेटरचा दाब संगणक गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो, त्यामुळे तिथे हेडलाइट, पंखा आणि एसी सुरू करून मगच निष्कर्ष काढावा. दाब सतत १५ च्या वर जात असेल, तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचा दाब आवरणारा भाग) बिघडला आहे आणि तो बल्बपासून बॅटरीपर्यंत सगळ्यांचे आयुष्य खातो.

आपल्याकडे बॅटरीची एक गंमत आहे. तिला मारते मे महिन्याचे ऊन आणि ती मेल्याचे कळते डिसेंबर-जानेवारीत. धुळ्यात पारा एक आकडी झालेल्या पहाटे घट्ट झालेल्या ऑइलमधून इंजिन फिरवायला जास्त प्रवाह लागतो आणि उन्हाळ्यात झिजलेली बॅटरी नेमकी तिथे हात टेकते. त्या सकाळी दोष थंडीच्या नावावर लागतो, इतकेच.

फ्यूज आणि रिले

फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून चालत नाही. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात. संबंधित स्विच चालू ठेवून टेस्ट लॅम्पचे एक टोक बॉडीला आणि दुसरे आळीपाळीने त्या दोन्ही ठिपक्यांना लावावे. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज शाबूत आहे, एकीकडेच लागला तर तो गेलेला आहे आणि दोन्हीकडे लागला नाही तर फ्यूजपर्यंत वीजच पोहोचत नाही. रंगांचा संकेत सर्वत्र एकच आहे: तपकिरी साडेसात अँपिअरचा, लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा.

उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज, तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणे हा गुन्हाच समजावा. फ्यूज हा उपकरणाच्या नव्हे, वायरीच्या संरक्षणासाठी असतो. १० अँपिअरसाठी आखलेल्या वायरीवर ३० चा फ्यूज बसवला, तर शॉर्ट झाल्यावर, म्हणजे वीज भाराऐवजी थेट बॉडीत गेल्यावर, फ्यूजऐवजी वायर वितळते आणि तिच्यासोबत शेजारच्या दहा वायरीही जातात. महामार्गावर उभ्याउभ्या पेटलेल्या गाड्यांमागे अशी एखादी तार असू शकते.

रिलेचे काम सोपे असते. ८५ आणि ८६ या पायांमधल्या गुंडाळीतून बारीक प्रवाह गेला की ३० क्रमांकावरचा मोठा प्रवाह ८७ वर जोडला जातो. तपासण्यासाठी त्याच क्रमांकाचा, तितक्याच पायांचा चालू रिले, बहुधा हॉर्नचा, तिथे लावून पाहावा. रिलेचा टक असा आवाज येणे म्हणजे तो चांगला असणे नव्हे. आवाज गुंडाळीचा असतो आणि आतले संपर्कबिंदू जळालेले असू शकतात.

व्होल्टेज ड्रॉप: सगळ्या तपासणीचा कणा

व्होल्टेज ड्रॉप म्हणजे वाटेत होणारी दाबाची गळती. इथे थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण वायरमन आणि अंदाज बांधणारा यांच्यातला फरक इथेच दिसतो. वायर तुटली आहे की नाही हे पाहण्यासाठी पुष्कळ जण मीटर ओहमवर किंवा बझरवर ठेवतात. मात्र ओहम मोजताना मीटर वायरीतून अगदी नगण्य प्रवाह सोडतो. एखाद्या केबलच्या तीस तारांपैकी एकच उरली असेल, तरी मीटर शून्याजवळचे वाचन दाखवतो आणि बझर आनंदाने वाजतो. प्रत्यक्ष काम करताना त्याच केबलला दहा अँपिअर वाहायचे असतात आणि तिथे तिचे पितळ उघडे पडते. म्हणून माप भार चालू असतानाच, म्हणजे दिवा पेटलेला किंवा मोटर फिरत असतानाच घ्यावे.

एक उदाहरण जवळून पाहू. उजवा हेडलाइट डाव्यापेक्षा पिवळट आणि मंद दिसतो आहे, बल्ब बदलूनही फरक पडलेला नाही. इंजिन सुरू करून हेडलाइट लावावेत. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीवर मोजले तेव्हा समजा १३.८ आले आणि बल्बच्या कपलरमागे, बल्ब जोडलेलाच ठेवून, दोन्ही पिनांवर मोजले तेव्हा १२.३ आले. म्हणजे दीड व्होल्ट वाटेत कुठेतरी गळतो आहे. बल्बचा उजेड दाबाच्या मानाने फार झपाट्याने उतरतो, त्यामुळे एवढ्या गळतीने प्रकाश सुमारे एक तृतीयांश कमी होतो.

आता ही गळती वाटून घ्यावी. मीटरची एक वायर बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी बल्बच्या धन पिनेवर धरली, तेव्हा ०.२ आले. ते ठीक आहे. मग एक वायर बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी बल्बच्या अर्थ पिनेवर धरली, तेव्हा १.३ आले. चोर सापडला. अर्थची वायर बल्बपासून जिथे बॉडीला बोल्टने जोडलेली असते तिथपर्यंत टप्प्याटप्प्याने मीटर सरकवत न्यावा, आणि ज्या जोडाच्या अलीकडे एक व्होल्ट आणि पलीकडे शून्य दिसेल तो जोड उघडावा. बहुधा तो बंपरमागे किंवा फेंडरच्या आत असतो, त्यावर काळ्या मातीचा चिखल वाळून बसलेला असतो आणि थिंबलखाली (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवट-पांढरा क्षार धरलेला असतो. बोल्ट काढून थिंबल आणि पत्रा दोन्ही चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासावेत, घट्ट आवळावेत आणि नंतर वरून पेट्रोलियम जेली लावावी. डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाडीत याच जागी बोल्टखाली रंगाचा थर सापडतो, आणि रंगातून वीज जात नाही.

चांगल्या वायरिंगमध्ये साध्या जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा आणि एका संपूर्ण अर्थच्या वाटेवर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त गळती नसावी. सेल्फच्या जाड केबलमधून फार मोठा प्रवाह जात असल्यामुळे तिथे इंजिन फिरवताना धन बाजूला ०.५ पर्यंत चालते. नुसता टक आवाज येऊन इंजिन फिरत नसेल, तर मोटर उतरवण्यापूर्वी हेच माप बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनच्या लोखंडापर्यंत घ्यावे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे त्याला अर्थ देणारी पट्टी सैल झाली की वीज गियरच्या किंवा अॅक्सिलेटरच्या केबलमधून वाट शोधते आणि त्या केबल तापतात.

खराब अर्थ ओळखण्याची आणखी एक खूण अशी की दिवे भलतेच वागू लागतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो किंवा इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवा त्याच्या तालावर लुकलुकतो. स्वतःची वाट बंद झालेली वीज शेजारच्या बल्बमधून परत जात असते. अशा वेळी स्विच बदलत बसू नये.

शॉर्ट शोधताना

नवा फ्यूज घातला की लगेच उडतो, अशा वेळी फ्यूजचा डबा रिकामा करण्याऐवजी फ्यूजच्या जागी २१ वॅटचा टेस्ट लॅम्प जोडावा. त्याआधी त्या सर्किटवरचे बल्ब, मोटर वगैरे भार कपलर काढून वेगळे करावेत. शॉर्ट कायम असेल, तर दिवा पूर्ण तेजाने पेटतो, पण बल्बच प्रवाहाला दोन अँपिअरच्या आत रोखून धरत असल्यामुळे वायर जळत नाही. मग हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत, कपलर एकेक सोडवत पुढे जावे. ज्या क्षणी दिवा विझेल, त्या क्षणी हातात असलेला तुकडा दोषी आहे.

शोध सुरू कुठून करायचा? जिथे वायर वारंवार दुमडते किंवा घासते तिथून. दरवाजा आणि खांब यांच्यामधला रबरी नळा, डिकीच्या बिजागरीजवळची वायर, सीटखालच्या सरकत्या पट्ट्या आणि सायलेन्सरजवळून गेलेला हार्नेस या जागा आधी पाहाव्यात. पिकअपमध्ये मागच्या दिव्यांची वायर चासीच्या धारेवर घासत जाते. केळीची किंवा कापसाची गाडी खडबडीत शिवाररस्त्यांवरून सतत हिंदकळत असेल, तर पहिला संशय तिथेच घ्यावा.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते तेव्हा

मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालावी, बॅटरीची ऋण केबल सोडवावी आणि मीटर त्या केबलच्या व टोकाच्या मध्ये जोडावा. या स्थितीत सेल्फ कधीही मारू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. दरवाजे लॉक करून, बॉनेट बंद असल्याचे गाडीला वाटावे म्हणून त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने बसलेल्या स्थितीत ढकलून अर्धा तास थांबावे, कारण गाडीतले संगणक झोपी जायला तेवढा वेळ घेतात. त्यानंतर ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह सामान्य समजावा. तो ५०० असेल, तर दिवसाला १२ अँपिअर-तास खर्च होतात आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत सेल्फ मारण्याच्या कामाची राहत नाही.

दोषी सर्किट शोधण्यासाठी फ्यूज उपटत जाण्याची सर्रास पद्धत आहे, पण फ्यूज काढून परत घातला की झोपलेला संगणक जागा होतो आणि माप बिघडते. त्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरील दोन ठिपक्यांमध्ये दाब पाहावा. ज्या फ्यूजवर शून्याऐवजी काही आकडा दिसेल, त्यातून प्रवाह वाहतो आहे. डिकीचा न विझणारा दिवा, चिकटलेला रिले, बाहेरून बसवलेला ट्रॅकर आणि म्युझिक सिस्टिम हे नेहमीचे आरोपी आहेत. कोणत्याच फ्यूजवर काही दिसले नाही, तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून पाहावी. त्यातला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) फुटला की उलटा प्रवाह वाहतो.

कधी येणारा, कधी जाणारा दोष

गॅरेजमध्ये नेल्यावर गाडी नेमकी शहाण्यासारखी वागते. असा दोष ज्या परिस्थितीत येतो ती परिस्थिती तयार करावी. दुपारीच येत असेल, तर गाडी उन्हात तापवूनच मोजावी किंवा केस वाळवण्याच्या ड्रायरने संशयित कपलर गरम करावा. पावसात येत असेल, तर फवाऱ्याने पाणी शिंपडावे. मीटर जोडलेला ठेवून हार्नेस वीतवीतभर अंतरावर हलवत जावा आणि आकडा कुठे उडी मारतो ते पाहावे. कपलर सोडवल्यावर पिना मागे सरकल्या आहेत का, मादी पिन पसरली आहे का, हे उजेडात नीट पाहावे. आवरण टोचून माप घेण्याची सवय टाळावी, कारण त्या छिद्रातून पावसाळ्यात पाणी शिरते आणि सहा महिन्यांनी तांबे हिरवे होऊन आतल्या आत तुटते.

उंदराचे काम

एअर फिल्टरच्या डब्यात सरकी, चिंध्या किंवा गवत सापडले, तर हार्नेस पूर्ण उघडून पाहावा. उंदीर एकाच वायरीवर थांबत नाही. नंदुरबार-दोंडाईचा हा मिरचीचा मुलूख असल्यामुळे बॉनेटखाली तिखट टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. एसी लावला की ते तिखट आत बसलेल्यांच्या नाकात जाते, उंदीर मात्र आठवडाभरात सरावतो. विषही ठेवू नये, कारण तो डॅशबोर्डच्या आत मेला तर वास काढण्यासाठी अख्खा डॅश उतरवावा लागतो. फिल्टरच्या आणि ब्लोअरच्या तोंडाला बारीक जाळी बसवणे आणि गाडी अधूनमधून चालवणे हेच टिकाऊ उपाय आहेत.

कुरतडलेल्या वायरी जोडताना तितक्याच जाडीची वायर घ्यावी, आधी हीट श्रिंकची (गरम केल्यावर आक्रसणारी) नळी ओवावी आणि मग जोड क्रिंप करून, म्हणजे पकडीने दाबून, ती नळी गरम करून बसवावी. शेजारशेजारच्या वायरींचे जोड एकाच रेषेत न ठेवता मागेपुढे करावेत. साध्या काळ्या टेपचा गोंद आपल्या उन्हाळ्यात पातळ होऊन सुटतो, म्हणून नुसत्या टेपवर विसंबू नये. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन बारीक वायरी बहुधा संगणकांमधील संदेशाच्या असतात. जोडताना त्यांचा पीळ तसाच ठेवावा. बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडण्याच्या जागेच्या) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये ओहम मोजले असता बहुतेक गाड्यांत ६० च्या जवळपास वाचन येते. १२० आले, तर त्या जोडीची वाट कुठेतरी तुटली आहे.

जादा दिवे बसवायचेच असतील, तर त्यांना स्वतंत्र रिले द्यावा आणि बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज घालावा. १०० वॅटचे दोन बल्ब सुमारे १७ अँपिअर ओढतात. ६०/५५ वॅटच्या मूळ बल्बसाठी केलेले स्विच आणि कपलर त्यांच्यापुढे वितळतात आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते ती वेगळीच.

स्कॅनर (गाडीच्या संगणकातला दोष वाचणारे यंत्र) लावल्यावर येणारा कोड सर्किटचे नाव सांगतो, दोषी भागाचे नव्हे. सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर विकत घेण्यापूर्वी त्याच्या कपलरवर वीज आणि अर्थ पोहोचते का ते मोजावे. एकदम आठ-दहा कोड आले, तर पुन्हा बॅटरी आणि मुख्य अर्थपासून सुरुवात करावी. एअरबॅग, एबीएसचा (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) संगणक किंवा वॉरंटीतली गाडी असेल, तर मात्र इथे थांबून ती वायरमनकडे किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये न्यावी. नेताना कोणता फ्यूज उडतो, बॅटरीवर आणि बल्बवर किती व्होल्ट आले, दोष कोणत्या वेळी येतो हे कागदावर लिहून द्यावे, आणि कोणताही भाग बदलण्यापूर्वी त्याचे माप आपल्यासमोर घेण्यास सांगावे.